आईची मांडी आणि न्यूटनचा दुसरा नियम

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख द्या, अशी नोटीस लेडीज हॉस्टेलच्या बोर्डावर लागली आणि आमच्या रूममध्ये विषयांची यादी निघाली. मेसची आमटी, पहिला पाऊस, सबमिशनची रात्र, 'ती'... हे सगळं दरवर्षी येतं, यंदाही येणारच. मी म्हटलं, मी चाइल्ड कार सीटवर लिहिणार. रूममेट म्हणाली, "का गं, लग्न ठरलं की काय तुझं?"

नाही ठरलेलं! पण मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे आणि नुकतीच मावशी झाले आहे. एवढं क्वालिफिकेशन पुरे. आता माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे 'चाइल्ड रिस्ट्रेंट सिस्टिम'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात हे कृपया विचारू नका. 'बालबंधनी' असा एक शब्द मीच तयार केला आणि मीच खोडला. आपण सीटच म्हणू.

तर मुद्दा असा. पूर्वी गाडी घेताना लोक फक्त 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारायचे. आता 'किती स्टार?' हेही विचारायला लागलेत, चांगलंच आहे. २२ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींनी 'भारत एनकॅप' जाहीर केलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या गाड्या आपल्याच देशात ठोकून त्यांना मार्क द्यायची पद्धत सुरू झाली. त्याच डिसेंबरमध्ये पहिले पाच-पाच स्टार मिळाले ते टाटाच्या हॅरियर आणि सफारीला. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी ४४.५४. डिस्टिंक्शनच की!

पण हे ४९ मार्क कसले असतात ते कधी कुणी बघितलंय? २४ मार्क प्रत्यक्ष धडकेचे. मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे दोन डमी चाइल्ड सीटमध्ये नीट बांधून बसवतात आणि गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. १२ मार्क वेगवेगळ्या चाइल्ड सीट त्या गाडीत व्यवस्थित बसवता येतात की नाही याचे. प्रॅक्टिकल म्हणा ना! उरलेले १३ गाडीत त्यासाठी काय काय सोयी दिल्यात त्याचे. म्हणजे हा सगळा पेपर 'गाडीत चाइल्ड सीट आहे' असं धरूनच काढलेला आहे. आईच्या मांडीवर बसलेल्या डमीची टेस्ट होतच नाही. तिला शून्य मार्क मिळतात असंही नाही, तो पेपरच नाही.

आणि आपण काय करतो? शोरूममध्ये पेढे वाटतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बंपरला मिरच्या बांधतो, बाळाला तीट लावतो, आणि बाळाला मांडीवर घेऊन, तेही पुढच्या सीटवर, पाच स्टारची गाडी घरी आणतो. ज्या वस्तूला पाच स्टार मिळाले ती वस्तू म्हणजे गाडी, सीट आणि नीट बसवलेली सीट, असं तिन्ही मिळून आहे. त्यातली दोन आपण दुकानातच ठेवून आलेलो असतो!

आता थोडं गणित. घाबरू नका, अकरावीचंच आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर. गाडी समोर आदळून एक दशांश सेकंदात थांबली असं समजा. मंदन होतं १३९, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पट. मांडीवरचं बाळ वर्षाचं, दहा किलोचं असेल, तर त्याला धरून ठेवायला आईला १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागेल. आपल्या साखरपट्ट्यातल्या भाषेत सांगायचं तर पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती. सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल एक पोतं पाठीवर घेतो तेव्हा पाय रोवून, दम धरून, तयारीने घेतो. आईला तयारीला वेळच मिळत नाही. धक्का बसला हे डोक्याला कळून हात आवळले जाईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. शिवाय ही सरासरी झाली, खरा पीक याच्या वरच असतो. एनर्जीच्या हिशेबाने बघायचं तर ताशी ५० ची धडक म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, आपल्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडणं. गॅलरीत आपण बाळाला कठड्याबाहेर धरून उभं राहतो का, 'मी घट्ट धरलंय' म्हणून?

यावर काही हुशार लोक म्हणतात, मग आईच्याच बेल्टमध्ये बाळाला घ्यायचं. हे तर त्याहून वाईट. बेल्ट आईला अडवतो, आणि आई आणि बेल्ट यांच्यामध्ये बाळ असतं. साठ किलोच्या आईचा चौदा पट भार कुणावर येतो ते फ्री बॉडी डायग्राम काढून बघा. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं तर आता समोर एअरबॅगही असते. २०२२ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या कारला पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने. तिच्या वाटेत बाळाचं डोकं येऊ नये, इतकंच सांगते.

आता मिरजेचं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून सांगली, सोलापूर, कोल्हापूर, तिकडे अथणी, चिकोडी, विजापूरपर्यंतची माणसं इथं उपचाराला येतात. मेडिकल कॉलेज १९६२ चं. स्टेशनवरून रिक्षात बसलात तर रिक्षावाला 'कुठल्या दवाखान्यात?' असंच विचारतो! त्यामुळे मिरजेत नुसते पेशंट बरे होत नाहीत, पंचक्रोशीतली किती तरी बाळं इथं जन्माला येतात आणि तीन-चार दिवसांनी गाडीत बसून आपापल्या गावाला जातात. आयुष्यातला पहिला प्रवास. त्या प्रवासाबद्दल डिस्चार्जच्या वेळी एक अक्षर कुणी बोलत नाही. लस कधी, दूध किती वेळाने, नाळ कशी पुसायची, हे सगळं सिस्टर नीट समजावून सांगतात. बाळ घरी कसं न्यायचं? ते काय सांगायचं, मांडीवर!

माझी ताई डिलिव्हरीला जतहून मिरजेत आली होती. जतची माणसं अवघड काही असलं की मिरजच गाठतात. मी हॉस्टेलला असल्यामुळे डब्याची ड्यूटी माझ्याकडे. दाजी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांनी पुण्याहून येताना तान्ह्या बाळाची सीट घेऊनच आणली होती. ती टोपलीसारखी असते ना, तोंड मागच्या काचेकडे करून बसवायची, ती. चौथ्या दिवशी डिस्चार्ज होता. दाजी बिलाच्या रांगेत, आणि सीट बसवायचं काम इंजिनिअर मेहुणीकडे!

पार्किंगमध्ये पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं फक्त बेल्टचं बक्कल शोधण्यात गेली. नव्या गाडीला हौसेने रेक्झिनचं सीट कव्हर शिवून घेतलं होतं, आणि शिवणाऱ्याने मागच्या सीटची तिन्ही बक्कलं कव्हरच्या खाली गाडून टाकली होती. आयसोफिक्सच्या कड्या तर पूर्ण गायब. सीटची पाठ आणि बैठक यांच्या खाचेत हात घालून चाचपलं तेव्हा त्या लागल्या. कव्हरला ब्लेडने चिरा पाडल्या. (दाजी काही बोलले नाहीत, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता.) तोपर्यंत वॉचमन, दोन वॉर्डबॉय आणि एक रिक्षावाले काका गोळा झाले होते. काका म्हणाले, "काय ताई, विमानाची शीट हाय काय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आयसोफिक्स म्हणजे काही जादू नाही. गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी कड्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. सीटचे दोन खटके त्यात 'टक्' करून बसतात. याचं स्टँडर्ड आलं १९९९ मध्ये, आयएसओ १३२१६. त्याच्या आधी प्रत्येक सीट गाडीच्या बेल्टनेच आवळावी लागायची, आणि बेल्टने आवळणं हे आपल्या होल्डॉल बांधण्यासारखं आहे, सगळ्यांना वाटतं आपल्याला येतं. अमेरिकेत, जिथं हे सगळं चाळीस वर्षं चालू आहे, तिथं केलेल्या पाहणीतसुद्धा जवळजवळ निम्म्या सीट कुठे ना कुठे चुकीच्या बसवलेल्या सापडल्या. म्हणून तर भारत एनकॅपमध्ये बसवण्याचे वेगळे १२ मार्क आहेत.

आमची सीट बेल्टवाली होती. कमरेचा पट्टा टोपलीच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या खुणांमधून, खांद्याचा पट्टा पाठीमागून फिरवून, मग एका हाताने टोपली गादीत दाबून दुसऱ्या हाताने ढिलाई ओढून घ्यायची. बेल्ट जिथून जातो तिथं धरून हलवलं तर इंचभराच्या वर हलता कामा नये. मागे तोंड असेल तर निळी खूण, पुढे तोंड असेल तर लाल. आतले पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खाली, पुढे तोंड असताना खांद्याच्या जरा वर. आणि पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून बघायचे, चिमटीत घडी आली तर अजून ढिले आहेत.

मग आजी आली बाळाला घेऊन. बाळ दोन किलो आठशे ग्रॅमचं. अंगात झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर कुंची, त्यावर दोन दुपटी. नुसतं नाक दिसत होतं! मी म्हटलं, आजी, स्वेटर आणि दुपटी काढ, आधी पट्टे लावू, मग वरून पांघरूण घाल. कारण जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कापूस चपटा होतो आणि पट्टा ढिला पडतो. आजी माझ्याकडे बघतच राहिली. "आगं, चार दिसाचं लेकरू, त्याला बांधून घालतीस? पाच पोरं वाढवली मी मांडीवर. एष्टीनं पंढरपूरला नेली. काय झालं त्यास्नी?"

यावर काय बोलणार! खरं म्हणजे उत्तर आहे. ज्यांना काही झालं ती सांगायला उरलेली नाहीत, आणि आजीची एसटी आणि दाजींची कार यांचा वेग एक नाही. पण हे दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, ओल्या बाळंतिणीसमोर बोलायचं नसतं. मी आजीला एवढंच विचारलं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून सतार लांब पाठवतात तेव्हा ती कुणाच्या मांडीवर देतात का? भोपळा जड, दांडी बारीक, जोड नाजूक. म्हणून तर खोक्यात चहूबाजूंनी गाद्या भरून पाठवतात. तान्ह्या बाळाचं तसंच आहे. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं आणि मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे असतात. म्हणून तोंड मागे करायचं. धक्का बसला की डोकं, मान आणि पाठ एकदम गादीत दाबली जातात, मान एकटी ताणली जात नाही.

आजीला सतार पटली की नाही माहीत नाही, पण तिचा दुसरा मुद्दा मात्र बरोबर होता. ती म्हणाली, "कवळी पाठ हाय, बसवून ठिवलं तर दम कोंडंल." एकदम करेक्ट! तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला त्रास होतो, म्हणून सीट साधारण ४५ अंशात तिरकी ठेवतात आणि नवजात बाळाला सलग अर्ध्या तासाच्या वर त्यात ठेवू नये असं सांगतात. म्हणजे मॅन्युअल आणि आजी यांचं एकमत होतं, फक्त दोघांची ओळख नव्हती. मग ठरलं, आजी बाळाशेजारी मागे बसणार, हनुवटीवर लक्ष ठेवणार, आणि ती म्हणेल तिथं गाडी थांबणार. मिरज ते जत दोन तासांचा रस्ता, त्या दिवशी साडेतीन तास लागले. कवठेमहांकाळच्या अलीकडे बाळ इतकं रडलं की ताईही रडायला लागली. दाजींनी झाडाखाली गाडी लावली, बाळाला बाहेर काढलं, पाजलं, झोपवलं, परत पट्टे लावले. चालत्या गाडीत काढलं नाही. माझ्या मते खरी परीक्षा इथं असते. सीट विकत घेणं सोपं, रडणारं बाळ सीटमध्ये ठेवून गाडी बाजूला घ्यायला चांगली जागा येईपर्यंत दम धरणं अवघड!

ही मागे तोंड करायची कल्पना कुणाची, हे मला उत्सुकता म्हणून शोधावंसं वाटलं. गाडीतल्या मुलांच्या खुर्च्या तशा जुन्या आहेत, १९३० च्या दशकापासूनच्या. पण त्या मूल उंच बसावं, चुळबुळ करू नये, आईबापांना दिसावं एवढ्यासाठी. सुरक्षितता वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हती. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आणला, तो मोठ्यांसाठी. मग १९६४ मध्ये बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरने जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून धक्का कसा झेलतात ते बघितलं आणि तेच उलटं करून मुलांसाठी मागे तोंड असलेली सीट बनवली. म्हणजे रिक्षावाले काका फार चुकीचं बोलले नव्हते, विमानाच्याही वरची होती ती! स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. युरोपच्या २०१३ च्या आर-१२९ या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे.

कायद्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. अमेरिकेत आधी कायदा केला तो टेनेसी राज्याने, १९७७ मध्ये. १ जानेवारी १९७८ पासून लागू. मागे लागला होता रॉबर्ट सँडर्स नावाचा एक मुलांचा डॉक्टर. पण त्या कायद्यात आमदारांनी एक सवलत घुसडली होती, की बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीट लागणार नाही. थोडक्यात, मांडी चालेल! सँडर्स त्याविरुद्ध भांडत राहिला आणि १९८१ मध्ये ती सवलत निघाली. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायदे झाले. तिथल्या सरकारी अभ्यासानुसार नीट वापरलेल्या सीटमुळे कारमधल्या एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी कमी होतात. मला यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे काम पोलिसांनी किंवा गाडीच्या कंपनीने नाही, एका डॉक्टरने केलं. लस देतो तसं. मिरजेत डॉक्टरांची काही कमी आहे का?

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर हजार रुपये दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून. माझी तक्रार त्यातल्या 'किंवा' या शब्दाबद्दल आहे. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला की कायदा खूश, पण वरचा पट्टा त्याच्या गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. बेल्ट हाडांवर बसायला हवा, खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. त्यासाठी मूल साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला खाली बूस्टर लागतो. तो 'किंवा' वयाप्रमाणे तोडून लिहायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दंड होतो कुणाला? मागच्या सीटवर बेल्ट लावायचाच नसतो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, बेल्ट नव्हता. दोन्ही वेळी आठवडाभर चर्चा झाली, पेपरात अग्रलेख आले, आणि परत सगळे बेल्ट गादीखाली. २०२२ या एका वर्षात देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली, त्यातली ८,३३१ ड्रायव्हर नव्हती, प्रवासी होती. मोठी माणसं स्वतःलाच बांधून घेत नाहीत, ती लेकराला काय बांधणार!

आता एक प्रश्न मला हमखास विचारला जाणार. आपल्याकडे निम्मी जनता टू-व्हीलरवर, बाकीची वडापच्या जीपमध्ये अकरा-अकरा जण कोंबलेली, आणि तू कसली युरोपातली सीट घेऊन बसलीस? प्रश्न योग्य आहे. आपल्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त टू-व्हीलरवालेच आहेत. त्यांच्यासाठीही नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२२ चा. चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस, नऊ महिन्यांच्या पुढे त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. तो एक वर्षाने लागू झाला. मिरज-सांगली रस्त्यावर रोज येजा करूनही मी ते हार्नेस अजून एकदाच बघितलंय. वडापला तर काही म्हणजे काहीच लागू पडत नाही, तिथं सीटच नाही तर चाइल्ड सीट कुठली! त्यावर वेगळा लेख होईल. पण ज्याच्याकडे सात-आठ लाखांची कार आहे त्याने 'गरिबांचं काय?' असं म्हणून आपल्या बाळाला मांडीवर घ्यायचं, हे लॉजिक मला झेपत नाही. साउंड सिस्टिम, सनफिल्म, रेक्झिनची कव्हरं, अलॉय व्हील, यांच्या बजेटमध्ये चाइल्ड सीट आरामात बसते.

खरी अडचण पैशाची नाही, वर्षभराची आहे. तान्ह्या बाळाची टोपली वर्ष-सव्वा वर्षात लहान पडते. मग ती माळ्यावर जाते. 'एवढ्यासाठी कशाला घ्यायची' असं लोकांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. पण बघा, आपल्याकडे बारशाला पाळणा कोण विकत घेतं? मावशीकडचा आणतात, नाहीतर शेजारच्या काकूंचा. आमच्या घरचा सागवानी पाळणा सात घरं फिरून आलाय, आणि प्रत्येक घराने त्याला नवीन दोरी लावलीय. सीटही तशीच फिरवता येईल की! अटी तीनच. ती सीट कुठल्या अपघातातून आलेली नसावी, मॅन्युअल आणि सगळे पट्टे सोबत असावेत, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. ज्या घराची माहिती आहे त्याच घरातून घ्यायची, रस्त्यावरच्या जुन्या बाजारातून नाही. मिरजेतल्या दवाखान्यांनी तर दहा-दहा टोपल्या ठेवल्या आणि डिपॉझिट घेऊन आठवड्यासाठी दिल्या, तरी निदान पहिला प्रवास मांडीवरून उतरेल. क्रॅचेस आणि व्हीलचेअर भाड्याने मिळतातच ना या गावात, प्रत्येक गल्लीत!

फक्त टोपली देऊन भागणार नाही, ती बसवून द्यायला माणूस लागतो. तो माणूस कुठून आणायचा, तर आपल्याकडे मेकॅनिकलच्या एका वर्गात साठ आहेत. आम्हाला दर सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट लागतो आणि दर सेमिस्टरला आम्ही तोच हायड्रॉलिक जॅक करतो. त्याऐवजी चार जणींनी मिळून या भागात जास्त खपणाऱ्या दहा गाड्यांची नुसती पाहणी केली, कुठल्या गाडीत आयसोफिक्स आहे, कड्या किती खोल आहेत, मागच्या बेल्टची लांबी टोपलीला पुरते का, कव्हरखाली बक्कलं गाडली जातात का, तरी तो रिपोर्ट कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गाईडला विचारून झालंय. सर म्हणाले, "यात डिझाइन कुठंय?" मी म्हटलं, सर, तुमच्या गाडीपासूनच सुरुवात करू. (सरांचा छोटा दोन्ही पुढच्या सीटच्या मधे उभा राहून येतो, हे सगळ्या कॅम्पसला माहीत आहे. तो हॉर्न पण छान वाजवतो!) सर हसले आणि सही केली.

तेव्हा स्टाफ क्वार्टर्समधल्या सर्व सर-मॅडमना विनंती. युनिट टेस्ट संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये गाडी घेऊन या. चाइल्ड सीट असेल तर ती आणा, आणि तिचं मॅन्युअल नक्की आणा. नसेल तर नुसती गाडी आणि मूल आणा, उंची मोजून कुठली सीट लागेल ते सांगू. सीट कव्हर शिवलेलं असेल तर चिरा पाडायला ब्लेड आमच्याकडे आहे.